तिथी टळून गेलेला पाहुणा



आजचं चिंतन गीतेच्या बाराव्या अध्यायातल्या एकोणिसाव्या श्लोकावर. भगवंत आवडत्या भक्ताची लक्षणं सांगताहेत. निंदा आणि स्तुती त्याला सारखी, जे मिळेल त्यात तो समाधानी, आणि हे सांगता सांगता मध्येच एक शब्द येतो, 'अनिकेत'. निकेत म्हणजे घर. ज्याला घर नाही तो अनिकेत.

हा शब्द आपण बहुतेक जण पटकन ओलांडतो. गृहकर्ज फेडता फेडता ज्यांचे केस पांढरे झाले, त्यांनी स्वतःच्या फ्लॅटमध्ये सत्संगाला बसून हा शब्द वाचायचा म्हणजे जरा अवघडच. मग आपण म्हणतो, हे संन्याशांसाठी असेल. पण बारावा अध्याय भक्तांचा आहे, आणि भक्त घरातही असतात. माउलींनी इथे वाऱ्याचा दाखला दिला आहे. वारा कुठे एका जागी मुक्काम ठोकून राहत नाही. आणि पुढे ते म्हणतात, की अशा माणसाला सगळं जग हेच आपलं घर वाटतं. बघा, घर नसलेल्या माणसाला त्यांनी केवढं मोठं घर देऊन टाकलं!

माझा प्रश्न इथूनच सुरू होतो. सगळं जग माझं घर, म्हणजे जिथे जाईन तिथे माझा हक्क? की जिथे जाईन तिथे माझ्या वाट्याचा झाडू? घर म्हटलं की दोन्ही येतं. एरवी हा प्रश्न पुस्तकी वाटला असता, पण मागच्या नोव्हेंबरच्या शेवटी भाचीबरोबर अंदमानला गेले होते, तिथे तो एका पलंगाच्या रूपाने समोर आला.

आपल्याकडची बरीच मंडळी अंदमानला जातात ती सेल्युलर जेल आणि सावरकर बंधूंची कोठडी बघायला. आम्हीही पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, आधी तेच केलं. तिथून बोटीने स्वराज द्वीप. याचं नाव २०१८च्या डिसेंबरपर्यंत हॅवलॉक होतं, बोटीवरचे लोक अजून तेच म्हणतात. सरकारी बोटीने अडीच तास, खासगीने दीड. बेटावर गावांना नावं आहेत, गोविंदनगर, विजयनगर, राधानगर, पण रिक्षावाल्याला सांगायचं ते नंबर. तीन नंबर, पाच नंबर, सात नंबर.

राहण्याची सोय भाचीने केली होती. "मावशी, हॉटेलात एवढे पैसे कशाला घालवायचे? हॉस्टेलवर राहू." हॉस्टेल म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर मुलींचं वसतिगृह आणि त्यांची रेक्टर आली. हे तसं नव्हतं. माडा-पोफळींच्या वाडीत पत्र्याची लांब इमारत. बायकांच्या खोलीत आठ बेड, रेल्वेच्या डब्यासारखे एकावर एक. प्रत्येकाला एक पडदा, एक छोटा दिवा, मोबाईल लावायला एक प्लग, आणि सामानाला एक कपाट, ज्याला कुलूप आपण आणायचं. संडास-बाथरूम बाहेर, सामायिक. दारात पाय धुवायला नळ, कारण वाळू सगळीकडे येते, अगदी पोथीच्या पानांतही आली. खालचा बेड मला, वरचा भाचीला. भाडं आमच्याकडच्या साध्या लॉजपेक्षाही कमी.

घड्याळ तिथेही आपलंच, पण बेट एवढं पूर्वेला की संध्याकाळी पाचच्या सुमारासच सूर्य बुडतो. सहाला मिट्ट काळोख. मग आठ अनोळखी बायका एका खोलीत करणार काय? बोलणार. पहिल्याच रात्री कोणाचं लग्न मोडलंय, कोणाची नोकरी गेली आहे, हे सगळं कळलं. सोसायटीत पंचवीस वर्षं समोर राहणाऱ्या बाईंबद्दल मला एवढं माहीत नाही.

या प्रकाराचा उगम मला नंतर कळला, आणि तो ऐकण्यासारखा आहे. रिशार्ड शिरमान नावाचे एक जर्मन शाळामास्तर १९०९ साली मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले होते. वाटेत मोठं वादळ आलं, आणि त्यांनी एका गावातल्या शाळेच्या वर्गात रात्र काढली. जागं राहून मास्तरांनी विचार केला, की सुट्टीत देशभरच्या शाळा रिकाम्या असतात, त्यांत फिरस्त्या मुलांना झोपायला जागा का देऊ नये? त्यातून १९१२ला आल्टेना गावच्या जुन्या किल्ल्यात पहिलं हॉस्टेल उभं राहिलं. म्हणजे ही कल्पना मुळात पावसात अडकलेल्यांसाठी जन्मली. हे लक्षात ठेवा, कारण आमच्याकडेही पाऊसच आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला, समुद्र खवळलाय, बोटी बंद. सरकारी बंद, खासगी बंद. बेटावरचा माणूस बेटावर. आमच्या खोलीत रायपूरची एक मुलगी होती, पंचविशीतली, एकटी. तिचं बुकिंग त्या दिवशी सकाळी संपत होतं. बोट नाही म्हणून ती दिवसभर बाहेरच्या व्हरांड्यात बॅग घेऊन बसून राहिली. दुपारी सात नंबरहून रिक्षाने चिंब भिजलेली एक बाई आली. चेन्नईची, चाळिशीची, कमरेला पट्टा बांधलेला. तिचं बुकिंग त्या रात्रीपासूनचं होतं, पैसे भरलेले, आणि कमरेमुळे मुद्दाम खालचा बेड मागून घेतलेला. तो बेड नेमका रायपूरच्या मुलीचा. बाकी सगळं हॉस्टेल भरलेलं. पावसामुळे जो तो जिथे होता तिथेच मुक्काम वाढवून बसला होता.

आता सांगा वाचकहो, तो पलंग कोणाचा?

मॅनेजर म्हणजे तिशीतला एक मुलगा, उत्तर त्याच्याकडे तयार होतं. ज्याचं बुकिंग त्याचा बेड. ते चूक म्हणता येत नाही. चेन्नईच्या बाईंनी पैसे भरले होते, त्यांची कंबर खरोखर दुखत होती, आणि पाऊस त्यांनी पाडला नव्हता. पण मुलगी तरी काय करणार? तिची तारीख संपली होती, प्रवास संपला नव्हता.

मला तेव्हा अतिथी या शब्दाची आठवण झाली. आपल्याकडे जुन्या लोकांनी त्याची फोड अशी केली आहे, की ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अ-तिथी. गंमत बघा, बुकिंग करून येणारा माणूस या अर्थाने अतिथी होतच नाही! त्याची तिथी ठरलेली असते, वेळसुद्धा ठरलेली असते, येण्याची आणि जाण्याचीही. तो गिऱ्हाईक आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. रायपूरची मुलगी आदल्या रात्रीपर्यंत गिऱ्हाईकच होती. सकाळी तिची मुदत संपली आणि ती अतिथी झाली. म्हणजे ज्या क्षणी व्यवहार संपला, त्याच क्षणी धर्म सुरू झाला.

पण धर्म कोणाचा? अतिथीला देव माना, असं तैत्तिरीय उपनिषदात आहे. ते आता पर्यटनाच्या जाहिरातींत आणि हॉटेलांच्या भिंतींवर असतं. मूळ जागा मात्र वेगळी. शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला गुरू ते सांगतात. म्हणजे सांगणं यजमानाला आहे. 'तू पाहुणा आहेस, तेव्हा स्वतःला देव समज' असं उपनिषद कुठेही सांगत नाही. आपण पैसे मोजून गेलो की नेमकं हेच समजतो. आणि हॉस्टेलच्या त्या खोलीत यजमान होतं तरी कोण? मालक तिथे राहतच नव्हता. मॅनेजर पगारी. आम्ही आठही जणी पाहुण्याच.

तेवढ्यात माझी भाची वरच्या बेडवरून खाली उतरली. "मावशी, सरक. आपण आरएसी करू." रेल्वेने ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. एका बर्थवर दोघं, एकाचं डोकं तिकडे, दुसऱ्याचं इकडे. तिने आपला वरचा बेड रायपूरच्या मुलीला दिला, चेन्नईच्या बाई त्यांच्या हक्काच्या खालच्या बेडवर, आणि आम्ही दोघी माझ्या बेडवर पाय-डोकं करून. मॅनेजर म्हणाला, रजिस्टरात एका बेडसमोर एकच नाव लिहितात. भाची म्हणाली, "मग लिहू नका." शेवटी त्याने लिहिलं.

इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण मॅनेजरने रायपूरच्या मुलीकडून त्या रात्रीचं पूर्ण भाडं घेतलं. आठ बेड, नऊ बायका, नऊ भाडी. भाचीचा पारा चढला. "मावशी, बेड दिला आपण आणि पैसे घेतले त्याने! हे कसलं दान?"

या प्रश्नावर मी त्या रात्री बराच विचार केला. झोप तशीही येत नव्हती, नाकाशी भाचीचे पाय होते. सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचं लक्षण आहे. देणं हे कर्तव्य म्हणून द्यावं, जो परतफेड करू शकणार नाही त्याला द्यावं, देश, काळ आणि पात्र बघून द्यावं. भाचीचं देणं या मापात पुरेपूर बसत होतं. पण कोणीतरी मध्ये उभा राहून आपल्या दानाची पावती फाडली, तर ते दान उरतं का?

मला वाटतं, उरतं. देणारीचा संबंध घेणारीशी होता, आणि त्या मुलीला कोरडी जागा मिळाली. तिसऱ्याने काय केलं ते त्याच्या खात्यावर. मॅनेजरच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. नवव्या माणसाला पाणी लागतं, चादर लागते, सकाळचा नाश्ता लागतो. बेटावर वीज बहुतेक डिझेलवर तयार होते, आणि डिझेल बोटीनेच येतं. तेवढ्याचे पैसे त्याने घेतले असते तर मी काही बोलले नसते. पण पलंगाचं भाडं त्याला आधीच मिळालं होतं, तोच पलंग त्याने दुसऱ्यांदा विकला. कायदेशीर असेलही. भाचीच्या रागाशी मी सहमत आहे, तिच्या निष्कर्षाशी नाही. तिचं म्हणणं होतं की असं होणार असेल तर पुढच्या वेळी कशाला द्यायचं.

आता दुसरी बाजू. भागवताच्या अकराव्या स्कंधात, ज्यावर नाथमहाराजांनी टीका लिहिली, अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यात एक साप आहे. साप स्वतः घर बांधत नाही, दुसऱ्याने केलेल्या घरात सुखाने राहतो. घर बांधण्याचा खटाटोप दुःखाचा, असा त्यातला बोध. हे वाचताना मला नेहमी खटकतं. घर कोणीच बांधलं नाही तर साप राहणार कुठे? अनिकेत राहण्याची चैन परवडते, कारण दुसरं कोणीतरी वीट-माती वाहत असतं. वारकऱ्याला वाटेत ओसरी मिळते, कारण कोणीतरी ओसरी सारवून ठेवलेली असते.

या शंकेचं उत्तर मला थोडंसं त्या बेटाच्या किनाऱ्यावर मिळालं. तिथे वाळूत शेकड्यांनी छोटे खेकडे फिरतात, पाठीवर शंख घेऊन. शंख त्यांचा नसतो. मेलेल्या गोगलगायीचा रिकामा शंख शोधून ते त्यात शिरतात. अंगाने वाढले की मोठा शंख बघायचा, जुना सोडायचा. कधी कधी असे खेकडे लहानमोठ्या क्रमाने रांगेत थांबतात. पहिला मोठ्या शंखात गेला की त्याचा शंख दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला. हे मी आधी वाचलं होतं. तिथे रांग काही दिसली नाही, पण खेकडे भरपूर दिसले. त्यातला एकही घर बांधत नाही, पण प्रत्येक जण सोडताना ते मागच्याच्या उपयोगी पडेल असंच सोडतो. अवधूताच्या सापाला मी हा खेकडा जोडून घेतला आहे. अंदमानातून शंख-शिंपले, प्रवाळ उचलून नेायला बंदी आहे. तरी लोक खिशात घालतातच, 'पडलेलाच तर होता' म्हणून. पडलेला नसतो, रिकामा असतो, पुढच्यासाठी.

आणि बांधणाऱ्याचं काय? आपल्या महाराष्ट्रात त्याचं उत्तर गाडगेबाबांनी देऊन ठेवलं आहे. नाशिक, आळंदी, देहू, पंढरपूर, ठिकठिकाणी त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. स्वतः हातात खराटा आणि गाडगं घेऊन फिरत राहिले. एवढी घरं बांधणारा माणूस, आणि अनिकेत! सापापेक्षा हा गुरू मला अवघड वाटतो, आणि जवळचाही.

आमच्या हॉस्टेलवर सकाळी झाडायला, चादरी बदलायला एक बंगाली बाई यायच्या. सगळ्या त्यांना दीदी म्हणायच्या. त्यांचे आजोबा फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेले. १९५०च्या दशकात सरकारने निर्वासितांना या बेटावर जमिनी दिल्या, त्यांनी जंगल तोडून भातशेती केली, माड-पोफळी लावल्या. घर गमावून आलेल्या माणसांनी हे गाव वसवलं. आणि त्यांच्याही आधी या रिची द्वीपसमूहात मूळ अंदमानी लोक राहत होते. त्यांच्यातलं आज तिथे कोणी उरलेलं नाही. 'पलंग कोणाचा' हा प्रश्न मागे मागे नेला की असा कुठे जाऊन पोचतो. तिथे माझ्याकडे काही उत्तर नाही.

सेल्युलर जेलबद्दल एकच सांगते. तिथे ६९८ कोठड्या होत्या, प्रत्येक एका माणसासाठी. इमारतीची रचनाच अशी, की एका रांगेच्या तोंडासमोर दुसऱ्या रांगेची पाठ यावी. म्हणजे कोणाला कोणाचा चेहरा दिसू नये. दोघे सावरकर बंधू एकाच तुरुंगात होते, तरी एकमेकांच्या सोबतीला पारखे. स्वतंत्र खोली ही तिथे शिक्षा होती. आपण आता सुट्टीला जातो तेव्हा त्यासाठी जादा पैसे मोजतो. मीही मोजते, पुढेही मोजीन, या वयात रात्री दोनदा उठावं लागतं. पण त्या आठजणींच्या खोलीत एकीला खोकला आला तर तिघी पाण्याची बाटली पुढे करत होत्या, हे मला तुरुंग बघून आल्यावर जास्त जाणवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस ओसरला, त्याच्या पुढच्या सकाळी बोटी सुरू झाल्या. रायपूरची मुलगी पहाटेच निघाली. तिने भाचीला अर्धे पैसे देऊ केले. भाचीने घेतले नाहीत. मग तिने निघण्यापूर्वी आपली चादर, उशीचा अभ्रा, पांघरूण सगळं नीट झटकून, कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी केलं आणि पायथ्याशी ठेवलं. चेन्नईच्या बाईंनी ते बघून आपलंही तसंच केलं. मग आम्ही दोघींनीही.

दीदी आल्या, चार घड्या बघितल्या आणि हसायला लागल्या. म्हणाल्या, घडी घालू नका हो, मला परत उलगडून वाळू झटकावी लागते. काढायची आणि थेट त्या निळ्या बादलीत टाकायची.

भाचीने चारही घड्या उचलून बादलीत टाकल्या, आणि आम्ही रिक्षा बघायला रस्त्यावर आलो.

उद्या याच अध्यायातला शेवटचा, विसावा श्लोक.

॥ राम कृष्ण हरी ॥